कोठारातील दारूगोळ्याची परीक्षा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. निफाडच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, द्राक्षांवर बोलावे, कांद्याच्या भावावर तर अवश्य बोलावे; पण कोठारात पडून राहिलेल्या दारूगोळ्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. ओझर आपल्याच तालुक्यात आहे. तेथे १९६४ पासून विमानांचा कारखाना उभा राहिला आणि मिग विमानाने आपल्या कित्येक घरांची चूल पेटविली. देवळालीची तोफखान्याची शाळा आपल्या जिल्ह्यात आहे. आपल्या गावागावांतली मुले पलटणीत आहेत. आणि विदर्भात पुलगावला देशातले एक सर्वांत मोठे दारूगोळ्याचे कोठार आहे. त्या कोठाराच्या कुंपणाशी जी माणसे मेली ती आपल्यासारखीच मराठी बोलणारी, रोजंदारीवर जाणारी माणसे होती. तेव्हा हा विषय सेनापतींचा आहे तितकाच आपलाही आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. कामगारांची गाऱ्हाणी समजून घ्यावयाची तर यंत्र समजले पाहिजे, आणि स्फोटकांच्या कामगाराचे गाऱ्हाणे समजून घ्यावयाचे तर स्फोटक समजले पाहिजे, म्हणून आम्ही हे वाचीत गेलो. जे समजले ते आपल्यापुढे सोप्या भाषेत ठेवतो.

प्रथम एका घरगुती गोष्टीपासून सुरुवात करू. घरचे सोयाबीन बियाण्यासाठी ठेवले असेल तर पेरणीपूर्वी शहाणा शेतकरी काय करतो? पोत्यातून शंभर दाणे काढतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो, गोणपाट ओले ठेवतो आणि काही दिवसांनी मोड मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते किंवा ते पोते बाजूला ठेवावे लागते. या साध्या रीतीत तीन गोष्टी आहेत. एक, दाणा वरून पाहून कळत नाही. दोन, ज्या दाण्याची परीक्षा घेतली तो पेरणीच्या कामाचा राहत नाही. तीन, शंभर दाण्यांच्या साक्षीवर आपण उरलेल्या पोत्याचा न्याय करतो. दारूगोळ्याच्या परीक्षेचे सारे शास्त्र या तीन वाक्यांत आले. तोफेचा गोळा चालतो की नाही हे पाहावयाचे तर तो उडवावा लागतो. आणि उडविलेला गोळा पुन्हा कोठारात ठेवता येत नाही.

आता गोळ्याच्या पोटात काय असते ते पाहू. तोफेच्या गोळ्यात निदान चार वस्तू असतात. बुडाशी ठिणगी देणारी टोपी. तिच्यापुढे गोळ्याला तोफेतून ढकलणारी दारू. पोलादी कवचात भरलेले मुख्य स्फोटक. आणि ते स्फोटक नेमक्या वेळी, नेमक्या ठिकाणी पेटविणारा फ्यूज, म्हणजे त्या सगळ्या संसाराचा कारभारी. या चौघांचे वय एकाच दिवशी सुरू होते, पण चौघे सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत. कोणी ओलीने खराब होतो, कोणी उष्म्याने, कोणी आपल्याच अंगच्या गुणाने.

ढकलणारी दारू घ्या. तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाचा संस्कार केलेला कापूस. हा पदार्थ जन्मापासूनच हळूहळू कुजत असतो. कुजताना त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू निघतात. आणि तेच वायू पुढची कुज अधिक वेगाने घडवून आणतात. घरात एक सडका कांदा दुसऱ्याला सडवितो, तसेच हे. त्यावर उपाय म्हणून दारूत डायफेनिलअमाइनसारखा एक रक्षक पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळतात. निघालेला वायू तो रक्षक गिळून टाकतो. परंतु गिळता गिळता तो स्वतः खर्च होतो. जोवर तो शिल्लक आहे तोवर दारू शांत. तो संपला की दारूच्या ढिगात उष्णता साचू लागते आणि कोणी काडी न लावता ती पेटू शकते. म्हणून दारूची परीक्षा घेणारा रसायनज्ञ दारूपेक्षा तिच्या रक्षकाची चौकशी करतो: किती होता, किती उरला?

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. फ्रान्सच्या आरमारात जुन्या दारूचा साठा जहाजांच्या उबदार तळघरांत ठेवीत. १९०७ च्या मार्चमध्ये तुलाँ बंदरात ‘येना’ नावाचे लढाऊ जहाज उडाले आणि शंभरावर माणसे दगावली. चार वर्षांनी, १९११ च्या सप्टेंबरमध्ये, त्याच बंदरात ‘लिबर्ते’ उडाले; या खेपेस सुमारे तीनशे माणसे गेली. शत्रू कोठेही नव्हता. ठपका आला तो कुजलेल्या दारूवर. एकदा झाले ते अज्ञान म्हणता येईल; त्याच बंदरात, त्याच जातीच्या दारूने, चार वर्षांनी पुन्हा झाले त्याला काय नाव द्यावे हे आपणच ठरवा.

मुख्य स्फोटकाची तऱ्हा निराळी. टी.एन.टी. हे त्यात नावाजलेले. ते तसे सोशिक आहे. सुमारे ८१ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून वितळवून कवचात ओतता येते. पण ते पूर्ण शुद्ध नसेल, त्यात त्याची भावंडे म्हणावीत अशी दुसरी संयुगे राहून गेली असतील, तर ती एकत्र येऊन फार कमी उष्णतेला पातळ होतात आणि तेलकट घामासारखी कवचाच्या सांध्यांतून बाहेर पाझरतात. बंद कवचातले स्फोटक हे एक, आणि सांध्यात, आट्यांत, पेटीच्या लाकडावर पाझरलेले स्फोटक हे दुसरेच. पहिल्यावर पहारा ठेवता येतो. दुसरे कोठे कोठे गेले आहे हेच ठाऊक नसते.

फ्यूजमध्ये तर याहून नाजूक पदार्थ असतात. लेड अझाइड हा त्यांपैकी एक. ओल लागून त्याचा तांब्याशी संबंध आला तर त्यापासून कॉपर अझाइड तयार होते, आणि ते इतके चिडके की नुसत्या घासण्याने उडू शकते. म्हणून अशा ठिकाणी तांबेपितळेऐवजी ॲल्युमिनियमची टोपी वापरतात. शिवाय रबराची वळी कडक होतात, स्प्रिंग गंजते, लाख तडकते. वस्तू लहान, पण तिच्यावर मोठ्या वस्तूचा भरवसा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भरवशाचा दारूगोळा याचा अर्थ दुहेरी आहे. हवा तेव्हा तो उडाला पाहिजे, आणि नको तेव्हा उडता कामा नये. ओझरच्या कामगारांना याचा एक दाखला चांगला माहीत आहे. लढाऊ विमानात वैमानिकाला संकटकाळी बाहेर फेकणारी खुर्ची असते; ती लहान स्फोटक काडतुसांच्या जोरावर चालते. ते काडतूस वर्षानुवर्षे काहीच काम करीत नाही. ज्या दिवशी काम पडेल त्या दिवशी त्याला दुसरी संधी नाही, आणि वैमानिकालाही नाही. म्हणून त्याला मुदत घालून दिलेली असते, आणि मुदत भरली की न वापरताच ते बदलतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ विमान भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. त्याच्या साठाहून अधिक वर्षांच्या नोकरीत अशी किती काडतुसे न उडताच बदलली गेली असतील! कोणी म्हणेल, एवढा खर्च वाया गेला. आम्ही म्हणतो, तो खर्च वैमानिकाच्या आईने रात्री निर्धास्त झोपावे म्हणून केलेला आहे.

आता परीक्षा कशी घेतात ते पाहू. दारूगोळा जेव्हा बनतो तेव्हा त्याचे ‘लॉट’ पाडतात. एकाच कच्च्या मालापासून, एकाच रीतीने, लागोपाठच्या दिवसांत बनलेला माल म्हणजे एक लॉट. प्रत्येक पेटीवर त्याचा क्रमांक असतो. ठरावीक काळाने त्या लॉटमधून नमुने काढतात. प्रथम डोळ्यांनी तपासणी: गंज, ओल, पाझर, सैल झालेला सांधा. मग न फोडता आतले पाहावयाचे ते क्ष-किरणांनी: स्फोटकात भेग आहे काय, पोकळी आहे काय. मग रसायनशाळा. तेथे दारू ठरावीक उष्णतेला तापवितात आणि वर रसायनात भिजविलेला कागद टांगतात. वायू निघाला की कागदावर रंग चढतो, आणि रंग चढायला किती मिनिटे लागली यावरून दारूची तब्येत कळते. फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनज्ञाची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती. रक्षक पदार्थ किती उरला हे मोजण्याची आजची यंत्रे याहून कितीतरी बारीक आहेत. आणखी एक उपाय म्हणजे नमुन्याला मुद्दाम गरम ठेवून लवकर म्हातारा करणे. अशी कुज दर दहा अंशांच्या वाढीला दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वेगाने होते असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यामुळे काही महिन्यांच्या उष्म्यात काही वर्षांचे वय पाहता येते. आणि शेवटी मैदानावर नेऊन नमुने प्रत्यक्ष उडवितात. किती वेगाने गेला, कोठे पडला, फुटला की फसला, याची नोंद करतात. हे काम आपल्या महाराष्ट्राला परके नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. नैनितालला १९०८ साली स्फोटकांच्या तपासनिसाचे जे लहान कार्यालय सुरू झाले, त्याचीच वाढ होऊन आज पुण्यात स्फोटकांची मोठी प्रयोगशाळा उभी आहे.

पण किती नमुने उडवावेत? येथे गणित आडवे येते. तीनशे नमुने उडविले आणि एकही फसला नाही, तर उरलेल्या ढिगात शेकडा एकाहून जास्त फसके नाहीत, असे शंभरात पंचाण्णव हिश्श्यांच्या भरवशाने म्हणता येते. साठच उडविले आणि एकही फसला नाही, तर शेकडा पाचापर्यंत फसके असू शकतात, एवढेच म्हणता येते. म्हणजे जितका भरवसा अधिक हवा तितका माल अधिक जाळावा लागतो. गोळा महाग, क्षेपणास्त्र त्याहून महाग. म्हणून परीक्षक थोडे उडवितो आणि रसायन, क्ष-किरण व जुन्या नोंदी यांच्या आधाराने उरलेले अंतर भरून काढतो. याचा अर्थ असा की, जुन्या दारूगोळ्यावरचा भरवसा शेवटी कागदावर उभा असतो. कोणता लॉट कोठे, किती वर्षे, किती उष्म्यात होता; पेटी केव्हा उघडली, कोणी उघडली, काय दिसले. नोंद खोटी असेल तर तीनशे नमुन्यांचे गणितही खोटे.

कारण एकाच लॉटच्या दोन पेट्या दोन ठिकाणी गेल्या की त्यांचे नशीब दोन वाटांनी जाते. आपल्या निफाडला थंडीत पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली जातो म्हणून आपले नाव वर्तमानपत्रात येते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो म्हणून त्यांचे नाव येते. पेटीवरची मुदत दोन्हीकडे एकच छापलेली असते. पण आतला माल छापलेले वाचीत नाही, तो हवा सोसतो. अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर १९६७ च्या जुलैत आग लागली. आगीचे कारण वेगळे होते, एक अग्निबाण चुकून सुटला. पण डेकवरच्या विमानांना कोरियन युद्धाच्या काळातले, उष्ण प्रदेशात पडून राहिलेले जुने बाँब लटकविलेले होते. आगीत नवे बाँब जेवढा वेळ तग धरतात तेवढा या जुन्यांनी धरला नाही. दीड मिनिटाच्या आसपास ते फुटू लागले आणि आग विझविण्यास धावलेली पहिली तुकडी त्यांच्याच तडाख्यात सापडली. एकंदर १३४ माणसे गेली.

आग विझवावयास धावणारा प्रथम मरतो, हे आपणा मुंबईकर-महाराष्ट्रीयांस नवे नाही. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडाले तेव्हा अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. आणि बहात्तर वर्षांनी पुलगावलाही तेच झाले. तिकडे आता वळू.

२०१६ च्या ३१ मेच्या पहाटेपूर्वी, मध्यरात्र उलटल्यावर, पुलगावच्या कोठारातल्या एका शेडला आग लागली. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. स्फोटाने आसपासची गावे हादरली. आगरगावासारख्या गावांतल्या लोकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडली. मृतांचा आकडा पुढे एकोणिसापर्यंत गेला. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि बहुतेक जण आग विझविणारे कर्मचारी होते. चौकशीत बोट रोखले गेले ते सुरुंगांतून पाझरलेल्या टी.एन.टी.कडे. मघाशी तेलकट घामाची गोष्ट सांगितली ती याचसाठी.

आता या दुर्घटनेतली आमच्या दृष्टीने मुख्य गोष्ट ऐका. हे सुरुंग पाझरतात हे त्या रात्री प्रथमच कळले असे नव्हे. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले त्याप्रमाणे, हा दोष आधीच लक्षात आलेला होता आणि त्यावर पत्रव्यवहारही झालेला होता. म्हणजे परीक्षा झाली होती. परीक्षक नापास झाला नव्हता, यंत्र नापास झाले नव्हते. माल नापास झाला होता आणि तरी तो शेडमध्ये होता. आगीनंतर मात्र तातडी आली. २०२० मध्ये वर्तमानपत्रांत आलेल्या लष्कराच्या अंतर्गत अहवालानुसार, त्या आगीनंतर महाराष्ट्रात सुमारे ३०३ कोटी रुपयांचे सुरुंग मुदत संपण्याच्या आतच नष्ट करावे लागले. मुदतीच्या आत! पेटीवरची तारीख काय म्हणत होती आणि पोटातला माल काय म्हणत होता, यांतले अंतर या एका आकड्यात आहे.

शेतकऱ्याने गोणपाट उघडले, शंभरात चाळीसच दाणे उगवलेले पाहिले, आणि ‘बघू पुढे’ म्हणून तेच बियाणे पेरले, तर त्याला आपण काय म्हणू? परीक्षा घेणे म्हणजे निकाल मानण्याची तयारी ठेवणे. निकाल मानावयाचा नसेल तर परीक्षा हा देखावा होतो. आणि देखाव्यासारखा धोका नाही, कारण त्याच्या भरवशावर माणूस आत जातो.

याच २०२० च्या अहवालात आणखी एक हिशेब होता. २०१४ पासूनच्या काळात दारूगोळ्याच्या ४०३ दुर्घटना झाल्या आणि २७ माणसे दगावली, असे त्यात म्हटले होते. दोष कारखान्यांच्या मालाचा, असा लष्कराच्या म्हणण्याचा रोख. कारखान्यांकडून उत्तर आले की प्रत्येक दुर्घटना मालाच्या दोषाने होत नाही. साठवण, हाताळणी, तोफेची निगा हीही कारणे असतात. आता आम्ही कामगारांचे. खडकीच्या संरक्षण कामगारांत एस. एम. जोशींसारख्यांनी संघटनेचा पाया घातला. त्या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. आमच्याकडून अशी अपेक्षा असते की आम्ही कारखान्याच्या बाजूने वकिली करावी. ती आम्ही करणार नाही. कामगाराच्या हातून वाईट भरणी झाली असेल तर तिचे प्रायश्चित्त दुसऱ्या एका कामगाराच्या मुलालाच, पलटणीतल्या शिपायालाच, भोगावे लागते. त्यात कामगाराचे हित कोठे आहे? पण सगळे खापर भरणी करणाऱ्या हातावर फोडू देण्यासही आम्ही तयार नाही. दोष भरणीत की साठवणीत, हे ठरविण्याचा मार्ग आरडाओरडा नव्हे. लॉटची नोंद आणि नमुन्याची परीक्षा हाच तो मार्ग आहे. वही स्वच्छ असेल तर निर्दोष माणूस वाचतो, मग तो कारखान्यातला असो वा कोठारातला.

२०२१ च्या १ ऑक्टोबरला सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याचे कारखाने ज्या कंपनीकडे गेले तिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. तो वाद आज आम्ही येथे आणीत नाही. एवढेच म्हणतो की, मालक मंडळ असो, कंपनी असो वा खासगी भांडवलदार असो, नफातोट्याचा हिशेब जेथे आला तेथे माल नापास करणारा माणूस सर्वांना नकोसा होतो. म्हणून तपासनीस बनविणाऱ्याच्या मुठीत नसावा, आणि वापरणाऱ्याच्याही नसावा. लासलगावच्या बाजारात काटा व्यापाऱ्याच्या घरचा चालेल काय? मग हाच न्याय येथे का नको?

नोंदवहीच्या बाबतीत आमचा एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही, आणि तेथे दारूगोळा नव्हे, साधा माल बनत होता) आम्ही अग्निशामक नळकांड्यांच्या तपासणीची वही मागितली. बारा महिन्यांच्या बारा सह्या होत्या. सगळ्या एकाच शाईच्या, एकाच बैठकीतल्या, आणि शेवटच्या दोन महिन्यांच्या तर पुढच्या तारखांच्या! सही करणारा बिचारा तिसऱ्या पाळीचा पहारेकरी. त्याला नळकांडे कसे तपासतात हे कोणी शिकविले नव्हते; सही कोठे करावयाची ते मात्र शिकविले होते. त्या माणसावर आम्ही रागावलो नाही. आम्ही वरच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो, तपासणीसाठी वेळ द्या, शिकवण द्या, आणि ‘बिघडले आहे’ असे लिहिणाऱ्याला संरक्षण द्या. मग सही मागा. सहा महिने लागले, पण ते झाले. वही खोटी होते ती बहुधा लिहिणाऱ्याच्या दुष्टपणाने नव्हे. खरे लिहिल्यास आपले काय होईल या भीतीने होते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत कडू आहे. नापास झालेल्या मालाचे काय होते? तो नष्ट करावा लागतो. खड्डे खणावयाचे, पेट्या उतरावयाच्या, रचावयाच्या, वर माती टाकावयाची, दूर जाऊन उडवावयाच्या. २०१८ च्या २० नोव्हेंबरला, सकाळी सातच्या सुमारास, पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर हेच काम चालले होते. जबलपूरजवळच्या खमरिया कारखान्यातून आलेला जुना दारूगोळा उतरविताना स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत खमरियाच्या कारखान्याचा एक कर्मचारी होता. बाकीचे ठेकेदाराकडे मजुरीला आलेले आसपासच्या खेड्यांतले लोक.

या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करा. एखादा गोळा नवा, निर्दोष, पास झालेला असतो तेव्हा त्याला हात लावण्यासाठी शिकविलेला, गणवेशातला, कायम नोकरीचा माणूस ठेवतात. तोच गोळा जुना होतो, त्याच्या पोटात काय चालले आहे याची खात्री राहत नाही, परीक्षक लिहून देतो की हा आता भरवशाचा नाही, तेव्हा तो रोजंदारीच्या माणसाच्या डोक्यावर दिला जातो! धोका वाढला की माणूस स्वस्त होतो, हा कोठला हिशेब? त्या मजुराला पेटीवरची इंग्रजी अक्षरे वाचता येत नसतील, तर लाल रंगाचा अर्थ त्याला कोणी मराठीत सांगावयाचा?

कोणी म्हणतील, या गोष्टी राष्ट्राच्या संरक्षणाच्या आहेत, त्यांची चर्चा चव्हाट्यावर करू नये. राष्ट्राचे संरक्षण आम्हांसही प्रिय आहे. कोठारात किती गोळे आहेत, कोणत्या जातीचे आहेत, कोठे आहेत, हे आम्ही विचारीत नाही. ते शत्रूच्या कामाचे आहे. पेटी उचलणाऱ्या माणसाला काय शिकविले, त्याचा विमा आहे काय, नापास माल किती दिवसांत हलविला, हे मात्र विचारतो. ते शत्रूच्या काही कामाचे नाही, त्या माणसाच्या बायकामुलांच्या कामाचे आहे. गुप्ततेच्या पडद्यामागे गोळा झाकावा. निष्काळजीपणा झाकू नये.

आणखी कोणी म्हणतील, इतक्या परीक्षा घेतल्या तर खर्च फार होईल. उलट आहे. चांगली परीक्षा मालाला नुसते नापासच करीत नाही, पासही करते. मुदत भरलेला एखादा लॉट थंड, कोरड्या जागी नीट ठेवलेला असेल आणि परीक्षेत उतरला, तर त्याची मुदत वाढविता येते. जगातली सैन्ये असे करीतच असतात. तो माल फुकट जाळावा लागत नाही. परीक्षा नसेल तर दोनच मार्ग उरतात: चांगला माल तारखेच्या भीतीने जाळणे, किंवा वाईट माल तारखेच्या भरवशावर ठेवणे. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात माणसे जातात.

तेव्हा आमचे मागणे थोडक्यात चार शब्दांचे आहे. माल नापास झाला की तो वस्तीपासून आणि चांगल्या मालापासून किती दिवसांत दूर करावयाचा, याला मुदत असावी, आणि ती पाळणारा अधिकारी नावानिशी जबाबदार असावा. तपासनीस स्वतंत्र असावा. ‘वाईट आहे’ असे लिहिणाऱ्या कामगाराला बढती नाही मिळाली तरी चालेल, पण शिक्षा होऊ नये. आणि जुन्या दारूगोळ्याला हात लावणारा प्रत्येक माणूस, मग तो खड्डा खणणारा का असेना, शिकविलेला, विमा उतरविलेला आणि कायम कामावरचा असावा. ठेकेदाराच्या हजेरीपटावर या कामाला जागा नसावी.

हे मागणे करणे एकट्या कामगार संघटनेचे काम नव्हे. आपल्या तालुक्यातून आमदार निवडून जातो, खासदार जातो. मते मागायला ते आपल्या ओट्यावर येतात. त्यांना रस्त्याचे विचारता, पाण्याचे विचारता, कांद्याच्या निर्यातीचे विचारता. त्याबरोबर एकदा हेही विचारा की पुलगावच्या मजुरांच्या मृत्यूनंतर ठेक्याच्या पद्धतीत काय बदलले. उत्तर येईपर्यंत विचारीत राहा. पलटणीत आपला मुलगा असेल तर त्याच्यासाठी विचारा. नसेल तर दुसऱ्याच्या मुलासाठी विचारा.

कोठारात बंद पेटीतला गोळा बोलत नाही. तो काय म्हणतो हे परीक्षक ऐकतो आणि वहीत लिहितो. ती वही वाचून त्याप्रमाणे वागावयाचे, एवढेच काम उरते. ते ज्यांनी करावयाचे आहे त्यांच्याकडून ते करून घेणे हे लोकशाहीत आपल्या सर्वांचे काम आहे.